साखरेचं भांडं धुतलं कुणी?

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मावशी, तू म्हणाली होतीस ते दोन बहिणींचं पुस्तक आणलंय. आज रात्री सुरू करते. शेवट सांगू नकोस हं."

"शेवट नाही सांगत," मी म्हटलं. "पण विष धाकटीनं घातलंय, एवढं लक्षात ठेवून वाच."

पलीकडे शांतता. मग भाची चिडली. चांगलीच चिडली. "घालवलीस सगळी मजा, आता कशाला वाचू?" म्हणाली आणि फोन ठेवला.

मी मुद्दाम सांगितलं. हे पुस्तक हातात घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगेन. 'मारलं कुणी' या एका प्रश्नाकडे डोळे लावून बसलात, तर डोळ्यांसमोर जे चाललंय ते दिसणारच नाही.

पुस्तक अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन यांचं. 'वी हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कॅसल', १९६२ सालचं. बाईंची पूर्ण झालेली ही शेवटची कादंबरी. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६५ मध्ये, ४८व्या वर्षी त्या गेल्या. व्हरमाँट राज्यातल्या नॉर्थ बेनिंग्टन नावाच्या लहानशा गावात चार मुलांचा संसार ओढत त्या लिहीत होत्या. मुलांच्या दंग्याधोप्यावर हसतखेळत दोन पुस्तकं लिहिणारी बाई हीच, आणि एका रात्रीच्या जेवणात चार माणसं मारणारी बाईही हीच. अनेकांना याचं नवल वाटतं. मला वाटत नाही. स्वयंपाकघर दोन्हीकडे एकच आहे.

गोष्ट सांगते. ब्लॅकवुड घराण्याचं गावाबाहेरचं मोठं घर. सहा वर्षांपूर्वी एका रात्री जेवणानंतर सगळ्यांनी ब्लॅकबेरीवर साखर भुरभुरून घेतली. साखरेत आर्सेनिक होतं. आई, वडील, लहान भाऊ आणि काकू, चौघं गेली. काका वाचले, पण चाकाच्या खुर्चीला खिळले. थोरली कॉन्स्टन्स तेव्हा २२ वर्षांची. स्वयंपाक तिचा, घरात उंदरांसाठी आर्सेनिक आणलेलं तिनंच, आणि साखर ती कधीच घ्यायची नाही. संशय दुसऱ्या कुणावर जाणार? खटला चालला, ती निर्दोष सुटली. धाकटी मेरिकॅट तेव्हा १२ वर्षांची. काहीतरी आगळीक केली म्हणून तिला त्या रात्री न जेवताच झोपायला पाठवलं होतं. आता ती १८ वर्षांची आहे आणि सगळी कहाणी तीच सांगते. मंगळवारी आणि शुक्रवारी ती गावात जाते, वाणसामान आणि वाचनालयातली पुस्तकं घेऊन परत येते. गावातली पोरं तिच्यामागून चिडवण्याचं गाणं म्हणत येतात. थोरली बागेच्या पलीकडे पाऊल टाकत नाही.

आता ते भांडं. पोलिस यायच्या आत कॉन्स्टन्सनं साखरेचं भांडं धुऊन ठेवलं. का धुतलं? तर म्हणाली, त्यात कोळी होता.

इथं थांबावं. घाई करू नये. चार माणसं तडफडली आहेत आणि बावीस वर्षांची पोर एक भांडं विसळते आहे. खून तिनं केलेला नाही. पण तिला कळलंय. कसं कळलं, कुठल्या क्षणी कळलं, हे लेखिका सांगत नाही. कॉन्स्टन्स ओरडत नाही, कुणाला हाका मारत नाही, धाकटीला जाब विचारायला वर जात नाही. पाणी सोडते आणि भांडं धुते. त्या धुण्यानं धाकटी सुटली आणि थोरली अडकली. हे तिला कळत नव्हतं असं मानायला मी तयार नाही.

आणि हा प्रसंग पुस्तकात थेट दाखवलेलासुद्धा नाही! चहाला आलेल्या एका चौकस पाहुणीला काका तो मोठ्या चवीनं ऐकवतात. कॉन्स्टन्स तिथंच बसलेली असते, पाहुणचार करत. त्याच गप्पांत आणखी एक गोष्ट सहज निघून जाते. मेरिकॅटला असं उपाशी झोपवलं की, वडील जेवणघरातून उठल्यावर, कॉन्स्टन्स मागच्या जिन्यानं तिच्यासाठी ताट घेऊन वर जायची.

ते ताट वाचलं आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. मागचा जिना, अंधार, हातात ताट, पायरी वाजू नये म्हणून जपून टाकलेलं पाऊल. या दोघींचं गुपित त्या रात्री सुरू झालेलं नाही. आईवडिलांच्या नकळत बहिणीला जेवू घालण्यापासून ते सुरू झालं. विष फार नंतरचं.

आपल्याकडे म्हण आहे, माय मरो आणि मावशी उरो. ती आपण इतक्या सहज बोलतो की तिच्यात केवढं भयंकर काही आहे ते जाणवत नाही. आई गेली तरी चालेल, तिची बहीण राहू दे! कॉन्स्टन्स धाकटीची बहीणही आहे आणि आईही. धाकटीनं म्हण खरी करून दाखवली. साखर न खाणारी तेवढी उरली.

भावांसाठी म्हण वेगळी आहे. सख्खे भाऊ, पक्के वैरी. बहिणींसाठी अशी म्हण मी कधी ऐकलेली नाही. म्हणी रचणाऱ्यांना काहीतरी दिसलं असणार, जे आजच्या मालिका लिहिणाऱ्यांना दिसत नाही. पडद्यावर दोन सख्ख्या बहिणी आल्या की दोघींच्या मधे एक पुरुष उभा करायचा, एकीला गरीब गाय करायचं, दुसरीला कारस्थानी. दोन वर्षं निघतात त्यावर. बहिणी एकमेकींचा नवरा पळवण्याखेरीज दुसरं काही करतच नाहीत का हो? घरातलं सगळ्यात जड ओझं दोन टोकांना धरून त्या चाळीस चाळीस वर्षं चालतात. ते कुणी लिहायचं?

माझी आई आणि माझी मावशी गवार घेऊन बसायच्या. मधे परात, दोन बाजूंना दोघी. शेंगेची टोकं खुडायची, शीर ओढायची, कट्‌कन मोडायची. बोलणं हळू आवाजात चाललेलं असायचं. मी आत गेले की बोलणं तुटायचं, आणि शेंगा मोडायचा आवाज वाढायचा. दोघींच्या हातांना एकदम घाई व्हायची. मावशी म्हणायची, "यंदा गवार किती जून येतेय." आई म्हणायची, "हो ना." परातीत सगळी कोवळी गवार असायची. 'सत्त्याहत्तर' एवढा एकच शब्द मी दाराआडून पुन्हा पुन्हा ऐकलाय. सत्त्याहत्तर साली घरात काय झालं, ते मला आजवर माहीत नाही. आई गेली, पाठोपाठ मावशीही गेली. दोघींनी मिठाची गुळणी धरली ती शेवटपर्यंत.

म्हणून जॅक्सनबाईंच्या कादंबरीत एक वाक्य आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तोवर चार्ल्स नावाचा चुलत भाऊ येऊन बसलेला असतो. त्याची नजर तिजोरीवर, थोरलीचं मन हळूहळू वळू लागलेलं. धाकटी त्याचा पेटता पाइप कचऱ्याच्या टोपलीत ढकलते आणि घर पेटतं. आग विझल्यावर गावकरी उरलेलं घर दगडांनी फोडतात. पहिला दगड मारतो आग विझवणाऱ्यांचा म्होरक्याच. त्या रात्री दोघी झाडीत लपलेल्या असतात. धाकटी म्हणते, या सगळ्यांच्या जेवणात मी विष घालीन. थोरली विचारते, आधी घातलंस तसं? आणि मेरिकॅट आपल्याला सांगते की सहा वर्षांत याबद्दल दोघींमध्ये चकार शब्द निघालेला नव्हता.

सहा वर्षं! रोजचा चहा, रोजचा स्वयंपाक, बागेतला भाजीपाला, काकांना भरवणं. दोघींनाही माहीत, दोघींनाही माहीत की दुसरीला माहीत आहे. कुठं उल्लेख नाही. मनाला धरून ठेवणारं रहस्य मला विचाराल तर ते हे. खुनी कोण, हे वाचकाला आधीच कळून चुकलेलं असतं. बाईंनी ते दडवायचा आटापिटाही केलेला नाही. त्यांना हवी होती ती सहा वर्षं.

आता कुणी म्हणेल, कादंबरीत काय वाटेल ते चालतं. तर कादंबरी बाजूला ठेवू. मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर गावात ४ ऑगस्ट १८९२ या दिवशी अँड्र्यू बोर्डन आणि त्यांची दुसरी बायको अ‍ॅबी यांचे राहत्या घरात कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं खून झाले. ठपका आला धाकट्या मुलीवर, ३२ वर्षांच्या लिझीवर. थोरली एमा त्या दिवशी फेअरहेवनला गेलेली होती. परत आली. तिसऱ्या दिवशी, रविवारी, लिझीनं स्वयंपाकघरातल्या चुलीत आपला एक झगा जाळला. अ‍ॅलिस रसेल नावाच्या मैत्रिणीनं ते पाहिलं आणि पुढं साक्षही दिली. एमानं कोर्टात काय सांगितलं? झग्याला रंगाचे डाग पडले होते, जाळून टाक म्हणून मीच तिला म्हटलं.

तिकडं भांडं धुतलं, इकडं झगा जाळला. तिकडं कोळी, इकडं रंग. थोरलीच्या तोंडी दोन्हीकडे घरकामातलं एक साधं कारण, ज्यावर कुणा पुरुषाला उलट प्रश्न सुचत नाही. जळमटं आणि डाग ही बायकांची कामं, त्यात वकील काय बोलणार?

लिझी २० जून १८९३ रोजी निर्दोष सुटली. कुऱ्हाड कुणी चालवली यावर तेव्हापासून आजवर ढिगानं लिहिलं गेलंय. नाटकं झाली, सिनेमे झाले, नृत्यनाट्य झालं, पोरांच्या तोंडी गाणं बसलं. मला त्या कुऱ्हाडीशी कर्तव्य नाही. सुटकेनंतर दोघी बहिणींनी गावातल्या बऱ्या वस्तीत मोठं घर घेतलं आणि तिथं एकत्र राहिल्या. १९०५ पर्यंत. बारा वर्षं! त्या बारा वर्षांत सकाळी टेबलावर बसल्यावर या दोघी काय बोलत होत्या, ते मला कुणीतरी सांगावं. १९०५ मध्ये एमा घर सोडून निघून गेली. आठ वर्षांनी एका वर्तमानपत्राला मुलाखत दिली, तेव्हाही तिनं लिझीचीच बाजू घेतली, ती निर्दोष आहे म्हणाली. तिथं राहणं अशक्य झालं होतं, एवढं सांगितलं. अशक्य कशानं झालं, ते सांगितलं नाही. १ जून १९२७ ला लिझी गेली. नवव्या दिवशी, १० जूनला, एमा गेली. दोघींना पुरलं वडिलांच्या आणि सावत्र आईच्याच शेजारी.

एमाला खरं काय ते ठाऊक होतं, असं मी म्हणणार नाही. कोर्टानं सोडलेल्या बाईला मी या सदरातून फासावर चढवणार नाही. पण ती मुलाखत आणि ते घर सोडून जाणं, या दोन गोष्टी एकाच बाईनं केल्या आहेत, आणि दोन्ही मनापासून केल्या आहेत. हे समजून घ्यायला जी कादंबरी लागते, तीच खरी बहिणींची रहस्यकथा.

याच्या बरोबर उलटी चालही आहे. कादंबरी आली त्याच १९६२ साली रॉबर्ट अल्ड्रिच यांचा 'व्हॉटेव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?' आला, हेन्री फॅरेल यांच्या १९६० सालच्या कादंबरीवरचा. बेटी डेव्हिस आणि जोन क्रॉफर्ड. लोकांना त्यातला ताटात वाढलेला उंदीर आठवतो आणि दोन नट्यांचं पडद्यामागचं भांडण आठवतं. मला आठवतो तो शेवटचा समुद्रकिनारा. अपंग ब्लांच मरणाच्या दारात वाळूवर पडलेली आहे आणि कबूल करते की त्या रात्री गाडी जेन चालवत नव्हती. जेनला चिरडायला म्हणून ती स्वतःच चालवत होती, आणि त्यातच तिची पाठ मोडली. इतकी वर्षं जेनला वाटत राहिलं की बहिणीला आपण पांगळं केलं. त्या समजुतीनं तिचं डोकं फिरलं, आयुष्याची माती झाली, आणि ब्लांच वरच्या खोलीत सोशिक चेहऱ्यानं बसून राहिली.

कॉन्स्टन्सनं बहिणीचा गुन्हा आपल्या अंगावर घेतला. ब्लांचनं आपला गुन्हा बहिणीच्या अंगावर घातला. गुपित तेच, घरही तसंच बंद दारांचं. ओझं कुणाच्या डोक्यावर, एवढाच फरक. किम जी-वून या कोरियन दिग्दर्शकाच्या 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स' (२००३) मध्ये तर थोरली मेलेल्या धाकटीला मनातल्या मनात जिवंत ठेवते, कारण नेमक्या वेळी आपण तिच्याजवळ नव्हतो हे तिला सोसवत नाही. तो सिनेमा लोक भूत बघायला जाऊन बघतात. मी दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा भुताची भीती वाटली नाही, थोरलीच्या जेवणाच्या टेबलाची वाटली.

मराठीत हे कुणाला दिसलंच नाही असं नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'दोघी' (१९९५) आठवा. थोरल्या गौरीच्या लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाला अपघात होतो, नवरदेव जातो आणि पोर पांढऱ्या पायाची ठरते. घर खचतं. ती मुंबईला जाते, शरीर विकून घर जगवते. तिचे पैसे घराला चालतात, ती चालत नाही. धाकटी कृष्णा हे सगळं बघत वाढते. रहस्यपट नाही तो. पण ज्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी उच्चारत नाही, त्या घराची हवा त्यात आहे. ती हवा आपल्या रहस्यकथेत का येत नाही? वाडा येतो, तळघर येतं, अमावास्या येते, खुंटीवरचं जुनं घड्याळ येतं. माजघरात परातीशी बसलेल्या दोघीजणी येत नाहीत.

विषय तर दारात उभा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आला, २००५ मध्ये देशभर आला. आणि तरी घराघरांतून बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. दोन बहिणी एकाच दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातात, अंगठा टेकवतात, फोटो काढून घेतात, भावाच्या गाडीतून परत येतात. वाटेत रसवंतीला थांबतात. एक रडलेली असते. दुसरीनं तिला आदल्या रात्री काय सांगून तयार केलं? वडिलांचं कुठलं प्रकरण बाहेर येईल म्हणून धाक घातला? तो धाक खरा होता, की दुसरीनं स्वतःच्या माहेरपणासाठी रचला होता? सातबाऱ्यावरून नावं कमी झाल्यावर वीस वर्षांनी पहिलीला हे कळलं तर? एक थेंब रक्त न सांडता चारशे पानं लिहिता येतील. लिहा की! मी छापील किमतीला विकत घेईन, दोन प्रती घेईन.

आणि प्रकाशकांनो, मलपृष्ठावरचं ते 'शेवटच्या पानावर जबरदस्त धक्का' एकदा कायमचं काढून टाका. त्या एका ओळीमुळे वाचक पहिल्या पानापासून शेवटच्या पानाकडे धावत सुटतो आणि मधल्या साखरेच्या भांड्याला ठेचकाळून पुढं जातो. लेखिकेनं जीव ओतून मांडलेलं स्वयंपाकघर तो बघतच नाही.

काल रात्री भाचीचा पुन्हा फोन. चार दिवसांत पुस्तक संपवलं होतं. राग गेला होता. आवाज वेगळाच.

"मावशी, तू सांगितलंस तेच बरं झालं. मी धाकटीकडे बघितलंच नाही, सगळा वेळ थोरलीकडे बघत होते."

"मग?"

"ते ताट गं. मागच्या जिन्यानं." थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "एक विचारू? तुझ्यात आणि आईत असं आहे काही? आईला विचारलं तर ती म्हणाली, मावशीला विचार."

फोन खांद्याशी धरून मी सकाळची भाजी निवडत बसले होते.

"मावशी, ऐकतेयस ना? आवाज कसला येतोय गं एवढा?"

"काही नाही," मी म्हटलं. "गवार मोडतेय. जून आहे यंदा."